अनवाणी माप

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण एकच. काल जेवताना तुझा बाबा म्हणाला, तू परीक्षेला बसणार नाहीस. कारण काय, तर वृद्धाश्रमातल्या काठ्या. तुला रागवायची त्याची छाती नाही, म्हणून हे काम नेहमीसारखं माझ्याकडे आलं. दर शनिवारी म्हाताऱ्यांची सेवा कर, कोणी अडवलं नाही. पण अभ्यासाला दांडीच मारायची होती तर ती इथेही जमली असती, विमानाचं तिकीट कशाला? खरं काय ते कळव. रडगाणं नको.

आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

खरं लिहिते. आश्रमातल्या बावीस आजी-आजोबांना मी मापाच्या लाकडी काठ्या करून दिल्या. मापाच्या काठीने पडणं कमी होतं का, हाच माझ्या प्रबंधाचा विषय. माप घेताना सगळ्यांना दारातच बूट काढायला लावले. तू लावलेली सवय; मला वेगळं सुचलंच नाही. इथली माणसं घरातही दिवसभर बूट घालून वावरतात! सगळ्या काठ्या इंचभर आखूड झाल्या. निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंचा वाकून चालताना तोल गेला, मनगट सुजलं. वर मलाच म्हणाल्या, "पोरी, काठी छान आहे, मीच जरा उंच आहे." तिकडे जायची लाज वाटते, पुस्तकात लक्ष लागत नाही. सर म्हणतात, ही मापं प्रबंधात चालणार नाहीत, पुढच्या वर्षी बघ.

बाबा म्हणतो, तू हल्ली भिंत धरून चालतेस. खरं का? रागव, पण लिहीत जा.

तुझी धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

भिंत आमची आहे, धरीन नाहीतर सोडीन.

कापलेलं लाकूड वाढत नाही, पण काठीलाही बूट घालता येतो. परवा बाबाने फोनवर काठीची जाडी उगाच नाही विचारली. कोपऱ्यावरच्या चांभारदादांसमोर ठाण मांडून जाड रबराचे, इंचभर उंचीचे बावीस बूट करून घेतले. सोबत पाठवते आहे.

सरांना सांग, चूक लपवली तर प्रबंध खोटा, लिहिली तर तोच अभ्यास. आखूड काठीने कोण किती अडखळलं आणि उंच केल्यावर किती, दोन्ही मांड. परीक्षेला बस. बाईंची माफी मात्र स्वतः जाऊन माग, ती पार्सलने जात नाही.

आत्या

२ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बूट अगदी घट्ट बसले. बाईंनी आधी जिना चढून दाखवला, मग मला माफ केलं. सरांनी तुझा निरोप दोनदा ऐकला आणि चुकीचं वेगळं प्रकरण लिहायला सांगितलं. परीक्षा झाली, पेपर बरे गेले. शनिवार चालूच आहेत.

सोबत तेविसावी काठी पाठवते. तू ओट्याशी पाठमोरी असताना बाबाने मनगटापर्यंतची उंची गुपचूप मोजली होती. त्याला बोलू नकोस.

तुझी धाकटी

१८ मे

पोच. काठी एक, अनवाणी मापाची, पोस्टमनच्या हातून मिळाली. ओट्यापासून दारापर्यंत चालवून पाहिली. माप बरोबर आहे.

आत्या