पालीत नसलेली ओळ

नागपूर, १२ नोव्हेंबर १९७३

चि. अंजनास,
दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

तुझं कळमेश्वरचं पत्र पोहोचलं. आई ठणठणीत आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळते अन् मला शिव्या घालते.

बातमी मोठी आहे. भिक्खुणींच्या पाली गाथांचा मी केलेला मराठी अनुवाद आता छापणार! रामदासपेठेतल्या प्रकाशन मंडळाला त्यासाठी परदेशातून देणगी भेटली. नऊ वर्षं विहारातल्या भन्तेजींपाशी पाली शिकलो, हिंगण्याच्या कारखान्यातली शिफ्ट संपली की लिहीत बसलो. तीन पावसाळे, वर्षावासाच्या वाचनात, विहारातल्या बायांनी माझी वही ऐकली, आता त्यांच्या घरी पुस्तक जाईल.

अट एकच, देणगीदारांना पदवीधर अनुवादक पाहिजे. मी तर मॅट्रिक नापास. म्हणून मुखपृष्ठावर मंडळाचे चिटणीस मनोहररावांचं नाव राहील, ते एम. ए. आहेत. प्रस्तावनेत माझा उल्लेख करतो, असा शब्द त्यांनी दिला. मी हो म्हणून वही देऊन आलो.

एक गफलत मात्र राहून गेली. घरकामातून सुटलेल्या भिक्खुणीची गाथा ऐकताना आई बोलून गेली होती की सूप खाली ठेवलं, अन् माही पाठ मले भेटली. मी गमतीनं तिची ओळ गाथेत घातली, ती काढायचीच राहिली. मनोहरराव मूळ पालीशी ताडून पाहतील तेव्हा काढतीलच.

रागावू नकोस, माया ठेव.
तुझा दादा,
आनंदराव

कळमेश्वर, २० नोव्हेंबर १९७३

ती. दादास,
अंजनाचा जयभीम, वि. वि.

शाळेत पोराईले शुद्ध बोला म्हणते, पण आज आपल्याच बोलीत लिहून राहिली. मले राग त्याच बोलीत येते.

काहून गा दादा, काहून हो म्हटलं? शिफ्टवरून आला की मशीनचं तेल पुसून तू वही धरायचा, ते मी पाह्यलं हाय. छप्पन साली बानं मले खांद्यावर अन् तुले बोटाले धरून दीक्षेले नेलं, ते काय दुसऱ्याच्या नावामागं लपाले? मनोहररावाले पालीतलं एक अक्षर तरी समजते काय, हे विचारलं तू? प्रस्तावनेतला उल्लेख म्हणजे लग्नात वाढप्याले पान देणं!

वही वापस आण. पुस्तक नाही निघालं तरी चालते, बाया ऐकून घेतात.

भांडते ते मायेपोटीच. आईले जयभीम सांग.
तुही,
अंजना

नागपूर, २८ मे १९७५

चि. अंजनास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

दीड वर्ष तुला गोलगोल उत्तरं देत आलो, आज सरळ लिहितो. बुद्धपौर्णिमेला पुस्तक निघालं. प्रस्तावना दोनदा वाचली. टायपिस्टचे आभार आहेत, बाइंडिंगवाल्याचे आहेत. माझं नाव कुठंच नाही.

समारंभात आई अन् मी शेवटच्या रांगेत होतो. मनोहररावांनी वाचायला नेमकी तीच गाथा घेतली. आईची ओळ यायच्या आतच आई ती मोठ्यानं म्हणून मोकळी झाली. विहारात तसंच म्हणतात ना सगळ्या. एका कार्यकर्त्यानं तिला चूप बसायला लावलं. मग मनोहररावांनी तीच ओळ वाचली अन् हात वर करून सांगितलं की पहा, अनुवाद आज निघाला, अन् अडाणी माउलीच्या तोंडी बसलासुद्धा!

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंजना, मीही वाजवल्या गं. माझे हात तोडून टाकावेसे वाटतात.

ती ओळ पालीत नाही, हे त्या हॉलमध्ये फक्त मला अन् आईला माहीत होतं. अनुवादकाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वही मागायला गेलो, तर मंडळाच्या ऑफिसात म्हणाले की ती आता मंडळाची झाली. वही वापस आण म्हणून तू तेव्हाच लिहिलं होतंस, तेच खरं.

बिड्या वळताना ती ओळ पुटपुटायची आईची सवय तुला ठाऊक आहे. पौर्णिमेपासून ते बंद आहे. काल विचारलं, तर म्हणाली की ते आता त्यायच्या पुस्तकातलं हाय, आपण कशाले म्हणाव?

लोभ असू दे, मी त्याच्या लायकीचा उरलो नसलो तरी.
तुझा दादा,
आनंदराव