चार इंची भिंतीसाठी मशीन

४ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा घर्रर्र! संध्याकाळी सहाला सुरू, सातला बंद. भिंतीपलीकडे ड्रिल मशीन आलंय. आमची फळी सहा महिने कपाटामागे उभी आहे आणि पलीकडे बघा, रोज नवी भोकं. मॉड्युलर किचन करत असणार. करा, करा. वाटणीत खिडकी मिळाली, आता किचनही करा!

ही म्हणाली, "अहो, पलीकडचं एक सांगायचं होतं..." मी म्हटलं, "नको." या घरात एकच नियम आहे, आणि तो मी केलेला — पलीकडचं काही माझ्या कानावर घालायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी. सख्खा आहे म्हणूनच! सहा वर्षं पाळलाय.

आपणही मशीन घ्यायचं. ठरलं.

५ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांना विचारतो, "हे बरं दिसतंय की ते?" आज माझीच पाळी. हार्डवेअरच्या दुकानात चौदा मशीनं ओळीनं मांडलेली. विकणारा तरुण, कंटाळलेला.

"कशात भोक पाडायचंय?"

"भिंतीत. विटांच्या."

"मग हे बॅटरीवालं न्या. हलकं आहे. भोक पाडतं, स्क्रू बसवतं, काढतं. घरात एवढंच लागतं, काका."

एवढंच! हातात घेतलं तर केस वाळवायचं यंत्र वाटलं. पलीकडे काय, हे ऐकवायचं? विचार करून सांगतो म्हटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुताराला गाठलं. म्हणाला, "मशीन कशाला घेता? दहा मिनिटांचं काम आहे. चहा पाजा, मी लावून देतो." नको म्हटलं. "मग छोटंच घ्या. ती मधली भिंत घालताना मी होतो तिथं. विटा उभ्या लावल्यात. तीन इंच वीट, दोन्हीकडून गिलावा, खेळ खलास. नुसतं शिंकलात तरी हलेल."

खरं आहे. दोघांचीही जागा जाऊ नये म्हणून भिंत बारीक घालायचा हट्ट माझाच होता. पण सुताराला लाकडातलं कळतं. मशीनमधलं काय कळणार?

९ फेब्रुवारी

अकरा व्हिडिओ बघितले. वॅट कळले. ज्यूल म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण एकापेक्षा तीन बरे, एवढं लक्षात आलं. एक माणूस काँक्रीटचा खांब लोण्यासारखा कापत होता. वा!

पलीकडचा आवाज आज बारीक होता. कीं-कीं. स्वस्तातलं घेतलेलं दिसतंय! फार बरं वाटलं. इतकं बरं वाटावं हे काही बरं नाही, पण वाटलं.

१० फेब्रुवारी

ही चिडली. "मला फळी हवी होती, कारखाना नको." जेवताना पुन्हा — "तुम्ही एकदा पलीकडे जाऊन..." मी नुसतं बोट वर केलं. नियम! "मग राहू दे, माझं काय जातंय," म्हणाली. त्यानंतर भांडी फार जोरात घासली गेली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घेतलं! हॅमर मशीन. तीन किलो. तीन ज्यूल. सोबत भोक पाडायचे सहा इंची बिट. तो दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, यानं स्लॅब फोडतात." म्हटलं, फोडू देत. "आणि हे स्क्रूला चालत नाही हं. नंतर येऊन भांडू नका." म्हटलं, स्क्रू आम्ही हातानं पिळतो, मनगटात जोर आहे अजून.

जिन्यातून येताना पेटी मुद्दाम पलीकडच्या दारासमोर टेकवली. दम लागलाय असं दाखवून दोनदा खोकलोही. दार काही उघडलं नाही.

१३ फेब्रुवारी

मनगट दुखतंय. रविवारची वाट बघतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार

काय झालं ते नीट लिहितो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

अकरा वाजता सुरुवात. हिनं कपाटावर जुनी चादर टाकली. मी गॉगल चढवला, पेन्सिलीनं खूण केली, सगळ्यांत जाड बिट लावला, भिंतीला टेकवला आणि अंगातला सगळा जोर लावून दाबलं. मशीन आत गेलं! म्हणजे बिट मुळापर्यंत आत, आणि मी गालासकट भिंतीवर. पलीकडे धबाधब गिलावा पडला. मी बटण सोडलं, मशीन ओढून बाहेर काढलं. सगळं चिडीचूप.

मग भोकातून आवाज आला. "केवढं आणलंस?"

सहा वर्षांत पहिलं वाक्य. आवाज तोच, पण थकलेला. 'तीन ज्यूल' असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तोच पुढे म्हणाला, "स्क्रू काढता येतात का रे त्यानं? माझं कालच जळालं. दोन कपाटं राहिलीत काढायची."

काढायची?

भोकाला डोळा लावला. कसलं किचन नि कसलं काय! उघड्या भिंती. जिथं कपाटं होती तिथं पांढरे चौकोन. खाली खोकी, दोरीनं बांधलेल्या गाद्या. पंधरा दिवस तो भोकं पाडत नव्हता. स्क्रू काढत होता. आणि मी इकडे बसून आवाजावरून त्याच्या मशीनची किंमत करत होतो!

हिला विचारलं, "कुठे चाललेत?"

"मुलीकडे. कायमचे. भाऊजींचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही त्यांना. मंगळवारी ट्रक येतोय."

"मला सांगितलं का नाहीस?"

हिनं नुसतं बोट वर केलं, माझ्यासारखंच. मला लाज वाटली. इतकी की गॉगल काढावासा वाटेना.

मग भोकाला तोंड लावून म्हणालो, "यानं नाही निघत. स्क्रूला चालत नाही हे."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. आणि पाय ओढत आत गेल्याचं ऐकू आलं.

अख्ख्या दुकानातलं दांडगं मशीन आणलं, आणि भावाच्या कामाचं नाही! दुपारी जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. हार्डवेअरवाल्याचं शटर वर जायच्या आत दारात. "वापरलेलं परत घेत नाही, काका." म्हटलं, घेऊ नकोस, ते छोटं दे. "तेव्हाच सांगितलं होतं," म्हणाला. ऐकून घेतलं.

पलीकडचं दार वहिनीनं उघडलं. मी चप्पल काढायला लागलो. "असू दे पायात," म्हणाली, "झाडायचंच आहे सगळं."

मी स्टुलावर, दादा स्टूल धरून. बारा स्क्रू. सुतार म्हणाला असता, दहा मिनिटांचं काम. अकराला सुरू केलं. दोन वाजता वहिनी तिसऱ्यांदा जेवायला बोलवायला आली, तेव्हा दादा म्हणाला, "थांब गं, अजून एक स्क्रू राहिलाय."

राहिला नव्हता.