काट्याची मशीन बंद होत नाही

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार
सकाळी ७.२० ला कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात उभ्याउभ्या रात्रीच्या बॅकअपची नोंद वाचत होतो. सर्व्हर एकच, त्याच्या पोटात दोन आभासी (व्हर्च्युअल) विंडोज मशीन. एक हिशेबाची, एक वजनकाट्याची. रात्री दोन्ही आपोआप बंद होतात, कॉपी निघते, परत चालू होतात. काट्याची वेळेत बंद झाली नाही, म्हणून स्क्रिप्टने ती प्लग ओढावा तशी पाडली. स्क्रिप्टमधली ती ओळ मीच लिहिलेली.
आठला काट्यावरचे दिवाकरकाका आले. केळझरच्या गाडीचे काल संध्याकाळचे भरलेले वजन गायब. कापूस रात्रीच उतरवलेला, गाडी रिकामी. पुन्हा मोजायला काही उरले नव्हते.
गाडीवाल्याने मोबाइल काढला. मालकांना म्हणाला, "काट्याचा फोटो हाय माह्याजवळ. तुमच्यावर भरोसा हाय, पण फोटो बी हाय."
वाचलो. मालक मला: "अर्धवट शिकलेला पोट्टा ठेवला तं असंच होईन. सोमवारपर्यंत नीट कर, नाईतं बॅकअपही बंद अन् तूही घरी बस."

१३ डिसें., शनि.
कारण सापडले. उशिरा आलेली गाडी रात्री उतरते, रिकामे वजन सकाळी होते. तोवर काका ती नोंद तशीच उघडी ठेवून घरी जातात. मशीन बंद करायला गेले की प्रोग्राम विचारतो, सेव्ह करू का? उत्तर द्यायला कोणी नसते. विंडोज वाट बघत बसते, स्क्रिप्ट प्लग ओढते, सेव्ह न झालेली नोंद जाते.
काकांना म्हटले, पहिले वजन 'अपूर्ण' म्हणून सेव्ह करता येते.
"काऊन करू बे? मालकाच्या स्क्रीनवर लाल दिसते ते. म्हनन, दिवाकर काम अर्धं टाकून पळाला."
हे मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलेले नाही.

१४ डिसें., रवि.
काकांना घेऊन मालकांकडे गेलो. दारात तीनदा वाक्य पाठ केले, तरी अडखळलो. मालक हसले. "लाल म्हंजे गाडी आत हाय, एवढंच ना? बरंच हाय, मले घरबसल्या समजन."
दुपारी स्क्रिप्ट बदलली. आता पाडायचे नाही. विंडोजला रीतसर बंद हो म्हणायचे, थांबायचे. नाहीच झाली तर चालू ठेवायची, कॉपी सोडायची, मला मेसेज.
एक खोटी नोंद 'अपूर्ण' म्हणून सेव्ह करून मशीन बंद करून पाहिली. स्क्रीन शांतपणे काळी झाली.
काका: "झोपली का?"
"झोपली."
"माह्या नातवापेक्षा शहाणी हाय."

१६ डिसें., मंगळ.
काल जाम गावचा ट्रक आत होता. काकांनी सेव्ह करून मला फोन केला, "लाल केलं रे, पाह्यजो." सकाळी: दोन्ही नीट बंद, दोन्ही कॉपी निघाल्या, वजन जागेवर. मालकांनी नोंद वाचली. "हं." घरी बस म्हणाले नाहीत. चहा दोनदा प्यायलो.

१७ डिसें., बुध.
सकाळी मेसेज: काट्याची मशीन बंद झाली नाही, चालू ठेवली, कॉपी नाही.
काका चिडले. "म्या सेव्ह केलं होतं! तुह्या आईची आन!" पाहिले, खरेच केलेले. म्हणजे अडवणारे दुसरेच काहीतरी. विंडोजचे अपडेट? प्रिंटर?
लपवावे असे क्षणभर वाटले. पण स्वतः जाऊन मालकांना सांगितले.
"वजन हाय ना?"
"आहे."
"मंग शोध."