पिंपळपानाखालची झिल्ली

९ ऑक्टोबर, गुरुवार

आमचीच प्लेट! संकठा घाटावर, गाळात.

गंगेचा पूर ओसरला तरी पायऱ्यांवर गाळ आहेच. शाळेकडून साफसफाईला गेलो होतो, मी आणि नववीच्या मुली. लोचनभय्या नाववाले पाइप धरून पायऱ्या धूत होते. त्यांनीच ती उचलून माझ्यापुढे धरली. प्लेट नव्हेच — प्लेटच्या आकाराचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. मधोमध आमच्या कारखान्याचं पिंपळपान उमटलेलं.

"मास्टराइन, ई त तोहरे कारखाना क पत्तल हौ. पत्तल गल गयल, झिल्ली बचल हौ."

हसून म्हणाले. टोमणा नव्हता. मीही हसले आणि झिल्ली पर्समध्ये कोंबली. मुलींनी पाहिलं का? कुणास ठाऊक.

आमच्या प्लेटा उसाच्या चिपाडाच्या. खोक्यावर लिहिलंय — 'प्लास्टिक नाही. नव्वद दिवसांत माती.' ते वाक्य मीच नवऱ्याला, निनादला, सुचवलं होतं. विज्ञानाची बाई ना मी!

१० ऑक्टोबर

गच्चीवर बादलीत एक कोरी प्लेट भिजत घातली. सासूबाईंना सांगितलं, शाळेचा प्रयोग आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

लगदा झाला. बोटाने ढवळला, तर दुधावरची साय निघावी तशी झिल्ली अख्खी वर आली. ताणली. फाटेना.

निनाद दुपारी रामनगरच्या कारखान्यातून जेवायला आला. पानाशेजारी बादली ठेवली. बराच वेळ भात कालवत बसला. मग म्हणाला, "पॉलिथिन आहे. गेल्या वर्षीपासून."

गेल्या वर्षीपासून! आणि मी शाळेत, लग्नकार्यात, बाजारात सगळ्यांना सांगत फिरतेय.

"त्या भंडाऱ्यात डाळ गळून लोकांच्या मांडीवर सांडली, तेव्हा शिव्या खायला कोण उभं होतं? तू नव्हतीस. सगळा माल परत आला. झिल्ली लावली नसती तर तेव्हाच कुलूप लागलं असतं."

"मग खोक्यावरचं पुसायचं होतं!"

"पुसलं तर घेणार कोण?" आणि मग अगदी हळू — "मी चोर नाहीये, सुरुची."

नाहीये. मला माहीत आहे. बंगळुरूची नोकरी सोडून आला. पहिली प्लेट साच्यातून निघाली तेव्हा लहान मूल धरावं तशी दोन्ही हातांवर घेऊन घरी आणली होती. म्हणूनच राग जास्त येतो. चोर असता तर सोपं होतं.

१३ ऑक्टोबर

सासूबाईंना कळलंय. एवढंच म्हणाल्या, "घरातलं घरात राहू दे हो." पोळी वाढता वाढता. वर पाहिलंही नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

निनाद कबूल झाला! मातीत विरघळणारा लेप मिळतो. महाग आहे, पण लावू म्हणाला. देवदिवाळीची ऑर्डर जाऊ दे, मग. आज जेवण गेलं मला.

१७ ऑक्टोबर

शाळेत माझं भाषण होतं. विषय मागेच ठरलेला — 'गंगा से सागर'. बोलले. इथे टाकलेलं प्लास्टिक पाटण्यावरून, बंगालवरून समुद्रात कसं पोचतं. कासव त्याला जेलीफिश समजून कसं गिळतं. शेवटी मोठ्या मॅडमनी आमच्या प्लेटांमधून सगळ्यांना बर्फी दिली. टाळ्या.

पहिल्या रांगेतली एक मुलगी प्लेट उलटी करून नखाने खरवडत होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

न सांगता रामनगरला गेले. पुलावर गर्दी, ऑटो जागेवरच उभा. उतरून चालत गेले.

गोदामात झिल्लीचे नवे रोल. भिंतीला लावून, छतापर्यंत. देवदिवाळीपुरते नव्हेत — वर्षभराचे!

ऑफिसातली फाइल काढली. मालक : सौ. सुरुची निनाद पुणतांबेकर. बायकांच्या उद्योगाला सवलत मिळते म्हणून माझं नाव घातलं होतं, हे ठाऊक होतं मला. मागे एक शपथपत्र — 'आमच्या उत्पादनात कोणत्याही प्रकारचं प्लास्टिक नाही.' खाली माझी सही. खोटी नाही, माझीच. तो दिवसही आठवला. हाताला कणीक होती. "इथे कर, आणि इथे." मी पुसला हात आणि केली. वाचलं नाही! मुलींना रोज ओरडते, आधी प्रश्न नीट वाचा.

बाहेर आले तर फुलगेना. ती आणि अकराजणी मशीनवर असतात. तिची मुलगी यंदाच नर्सिंगला लागली. माझं तोंड बघून म्हणाली, "दीदी, मसीन बंद त न होई न?"

"नाहीं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२६ ऑक्टोबर

बोलले तर पहिली मीच अडकते. नोकरीही जाईल. गप्प राहिले तरी सही माझीच. निनादला विचारलं, मला हे माहीत असायला नको होतं का? म्हणाला, "तुला त्रास नको म्हणूनच सांगितलं नाही." खरंच तसं वाटतं त्याला.

३१ ऑक्टोबर

"लेपाचं काय झालं?"

"बघू."

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑर्डर गेली. टेंपो निघाला तेव्हा मी पुढे उभी राहणार होते. आदल्या दिवशी मनाशी शब्दही ठरवले होते. फुलगेना खोकी चढवत होती, गात होती. मी बाजूला सरले. टेंपोला जागा दिली.

५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा, इथली देवदिवाळी

संध्याकाळी सगळे घाटावर. लाखो दिवे. निनादने माझा हात धरला होता. चार वर्षांत असा धरला नव्हता. लोक प्रसाद खाऊन प्लेटा सरळ पाण्यात सोडत होते. का नाही सोडणार? खोक्यावर लिहिलंय ना — माती होते! एका म्हातारीने तर प्लेटला आधी नमस्कार केला, मग सोडली.

हात सोडवून घेतला. त्याला वाटलं, मला गर्दीचा त्रास होतोय.

६ नोव्हेंबर

फुलगेनाच्या घरी गेले. सगळं सांगितलं, उद्या तक्रार करणार तेही. तिने चहाही विचारला नाही. शेवटी एवढंच — "त तू काहे बतावत हऊ? कर जौन करे के हौ."

निनादलाही सांगितलं. तो ओरडला नाही. उशीर झाला म्हणून कारखान्यात गेला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रदूषण खात्याच्या ऑफिसात गेले. बाबूने फॉर्म पुढे सरकवला. 'किसके ख़िलाफ़' च्या रकान्यात माझं नाव लिहिलं. खाली तक्रारदार — तेच नाव.

त्याने चष्मा वर केला. "मैडम, ग़लत भर दिया है. दोनों जगह एक ही नाम है."

म्हटलं, "पढ़कर भरा है." आणि सही केली.