अण्णांची पद्धत

अण्णा,

गेल्या महिन्यात आमच्या साहेबांनी भर क्लासमध्ये तुमची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण मीही आता आयुर्विम्याची एजंट आहे. अजून वर्षही झालेलं नाही. ज्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसायचे तो डॉक्टरांनी बंद केला, नवरा तर त्याच्या आधीच वेगळा झाला होता, घरात मी आणि तिसरीतली माझी मुलगी, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला नोकरी देतंय कोण? तर पनवेल स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही सगळे नवे एजंट बसलो होतो. विषय होता, गिऱ्हाईक कसं शोधायचं. साहेब म्हणाले, "आपल्या पनवेलमध्ये एक अण्णा होऊन गेले. माझे गुरूच म्हणा. विमा विकायला जाताना ते सोबत काय न्यायचे, सांगा बघू?" कुणी म्हणालं डायरी, कुणी म्हणालं पेढे. साहेब म्हणाले, "मुलगी! पाचसहा वर्षांची पोरगी. लेकरू घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर दार कोण लावणार? आणि बोलता बोलता तिच्या डोक्यावर हात ठेवून अण्णा म्हणायचे, उद्या मी नसलो तर हिचं कसं होईल, म्हणून मी माझी पॉलिसी काढली. तुमचं काय? ती पोर अशी रडायला लागायची की समोरचा माणूस पेन शोधायचा." सगळे हसले. एकाने टाळीसुद्धा वाजवली. ती पोर कोण हे साहेबांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनी माझ्याकडे बघून अशी मान डोलावली, की जणू माझा सत्कारच चाललाय.

मला तिथून उठून जायचं होतं. गेले नाही, कारण चहा व्हायचा होता आणि चहानंतर हजेरी होती. पण मनातल्या मनात मी तुम्हाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुमची पद्धत म्हणे! माझं रडणं ही तुमची पद्धत. संध्याकाळी तुम्ही स्कूटर बाहेर काढायचात आणि आत हाक मारायचात, "चला, तयार व्हा." मी आत्याने दिलेला नवा फ्रॉक घालून यायचे, की तुम्ही म्हणायचात, "तो नको गं, कालचा घाल." तेव्हा मला वाटायचं, नवा खराब होऊ नये म्हणून. ओवे गावाला जायचो तेव्हा तिकडे सगळी भाताची खाचरं होती, आता टॉवर आहेत. एका अंगणात आपण बसलोय, मला कुणीतरी चुरमुऱ्याचा लाडू दिलाय, तो एवढा मोठा की दोन्ही हातांत धरावा लागतोय, आणि तुमचा हात माझ्या डोक्यावर येतो. तो हात आला की मला कळायचं, आता तुम्ही मरणार. मी रडायचे ते नाटक नव्हतं हो. दर वेळी खरंच रडायचे. एका घरात दोनदा मेलात, एकदा घरधन्यासमोर आणि एकदा त्याचे भाऊजी आले म्हणून पुन्हा. ओव्याच्या त्या म्हाताऱ्या बाबांना ते सहन झालं नाही. ते म्हणाले, "पोरीला पयले गप करा ओ, मंग सांगा कुठं आंगठा द्यायचा त. आमाला तुमचं कागद नाय कळत, पन लेकराचं रडनं नाय बघवत." तुम्ही हसत हसत शाईचं पॅड काढलंत. मला गप केलं ते त्यांच्या सुनेने.

आई तुम्हाला सांगायची. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता, पाठमोरी, सांगायची, की असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. तुम्ही काय म्हणायचात? "अगं, मी दुसऱ्यांच्या घरात बोलतो. आपल्या घरात बोलतो का कधी?" आणि तुमच्या या विनोदावर तुम्हीच खळखळून हसायचात. तुमचं एक मात्र कबूल केलं पाहिजे, आपल्या घरात तुम्ही ते वाक्य कधीच बोलला नाहीत.

चिरनेरला एकदा माझं बिनसलं. त्या घरात मांजरीची पिल्लं होती आणि एक पिल्लू तुमच्या पायताणात जाऊन बसलं होतं. तुमचा हात डोक्यावर आला, तुम्ही मरायला लागलात आणि मला हसू फुटलं. घरधनीही हसले, त्यांची बायको हसली, आणि ते म्हणाले, "पुढच्या येलेला बगू." तुम्ही मला रागावला नाहीत. नुसतं येताना मला पुढे उभं न करता मागे बसवलंत. मी सदैव पुढे उभी राहायचे, हँडल धरून, तुमची हनुवटी माझ्या केसांना लागायची. त्या दिवशी गव्हाणफाट्यापासून घरापर्यंत मी तुमच्या शर्टाकडे बघत आले आणि ठरवलं, की पुन्हा हसायचं नाही. सहासात वर्षांच्या पोरीला तुम्ही एवढं शिकवलंत, एक शब्दही न बोलता. आणि मग मी चौथीत गेले तसं एक दिवस तुम्ही एकटेच निघालात. मी तयार होऊन बसले होते, कालचा फ्रॉक घालून. तुम्ही आईला म्हणालात, "आता मोठी दिसते ती. मोठी मुलगी रडली की लोक अवघडतात." मी सुटले म्हणून आनंद व्हायला हवा होता, तर मी दारामागे जाऊन रुसून बसले. याचा राग मला सगळ्यात जास्त येतो, अण्णा. तुमच्या मरणाचं रडणं मला नको असायचं, आणि ते माझ्याकडून काढून घेतलंत तर मला वाईट वाटलं.

मी नववीत असताना तुम्ही गेलात. न्हाणीघरातून बाहेर आलात, खुर्चीवर बसलात, आईला म्हणालात जरा पाणी दे, आणि झालं. तुमची सगळी गिऱ्हाइकं आली. ओटीवर, जिन्यात, रस्त्यावर माणसंच माणसं. त्यांतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत मला ते दिसत होतं, की हीच ती मुलगी. मी रडले नाही म्हणून एका काकूंनी मला गदागदा हलवलं, रड बाई रड, मोकळी हो. कशी रडणार? ते सगळं तुम्ही आधीच लोकांच्या घरी संपवून टाकलं होतंत. तुम्ही थापाडे असतात तर फार बरं झालं असतं. विकणाऱ्याची स्वतःची पॉलिसीच नव्हती असं निघालं असतं, तर मी तुम्हाला मनसोक्त शिव्या घालून मोकळी झाले असते. पण तुमची पॉलिसी होती. चांगली भरभक्कम. पैसे वेळेवर आले, त्यावर माझं कॉलेज झालं, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घर राहिलं. म्हणजे दर घरात तुम्ही जे सांगत होतात ते खरंच होतं, आणि खरं होतं म्हणून मी कुणाकडे तक्रार करायची?

आता माझी तऱ्हा ऐका. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, नात्यातल्यांपासून सुरुवात करा. मी मावसबहिणीकडे गेले तर ती दारातच म्हणाली, "ये ये, पण काही काढायला सांगणार नसशील तर ये." हळदीकुंकवाला जायची सोय राहिली नाही. मी जवळ बसले की बायका पर्समधलं काहीतरी शोधायला लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर मी एकच मेसेज टाकला, तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारायला जाते, ओळखी होतील म्हणून, तर ओळखीचे झालेले लोक आता उलट्या बाजूने फेऱ्या मारतात. नव्या टॉवरमध्ये वॉचमन फोन लावून विचारतो, "मॅडम, विमेवाली बाई आयी है, भेजू?" आणि वरून जे उत्तर येतं ते मला खाली ऐकू येतं. तुमच्या वेळी दार तरी उघडायचे हो. वर्षात ठरलेल्या पॉलिसी झाल्या नाहीत तर माझी एजन्सी जाणार आहे, आणि वर्ष संपत आलंय. एजन्सी गेली की दुसरं काही हाताशी नाही. साहेब परवा शांतपणे म्हणाले, "तुम्हाला मुलगी आहे ना? एकदा नेऊन बघा. अण्णांच्या घरातल्याच तुम्ही, तुम्हाला काय शिकवायचं." मी म्हणाले, माझी मुलगी शाळेत जाते साहेब, कामाला जात नाही. ते म्हणाले, "रागावू नका, मॅडम. सुचवलं आपलं."

घरी येऊन मी कणीक मळत होते आणि तुमच्यावर चरफडत होते. चरफडता चरफडता तुमचं ते वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. कसं म्हणायचात तुम्ही, कुठे थांबायचात, आवाज कुठे खाली घ्यायचात. उद्या मी नसले तर हिचं कसं होईल. आधी तुमची टिंगल करायला म्हटलं, मग परत म्हटलं, मग जरा सावकाश म्हटलं. घरात बोलायचं नाही हे एवढं एकच पथ्य तुम्ही पाळलं होतंत. मी तेही पाळलं नाही.

काल संध्याकाळी मला खांदा कॉलनीत जायचं होतं. टाइल्सचं दुकान असलेले एक गृहस्थ, तरुणच आहेत, घरात बायको आणि रांगणारा मुलगा. फार दिवसांनी कुणी वेळ दिली होती. माझी मुलगी ज्यांच्याकडे बसते त्या शेजारच्या काकू गावाला गेल्या होत्या, म्हणून तिला घेऊन गेले. म्हणून! शपथेवर सांगते, तेवढ्यासाठीच. तिला मी बाहेर चपलांच्या स्टँडजवळ पुस्तक देऊन बसवलं होतं. त्यांच्या बायकोनेच तिला आत आणलं, बिस्किटं दिली. मी फक्त हप्ता, मुदत, बोनस, करसवलत एवढंच बोलत राहिले. मरणाचा म सुद्धा उच्चारला नाही. त्या गृहस्थांनी दोनदा मोबाइल बघितला आणि म्हणाले, "ठीक आहे ताई, विचार करून सांगतो." हे म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी कागद पिशवीत भरायला लागले. तेवढ्यात माझी मुलगी बिस्किट खाली ठेवून म्हणाली, "काका, उद्या माझी आई नसली," आणि थांबली. नेमकी तिथेच थांबली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "तर माझं कसं होईल?"

ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती, जमलं का म्हणून. त्यांच्या बायकोने मुलाला उचलून पोटाशी धरलं आणि म्हणाली, "अगं बाळा, असं नाही बोलायचं." मग त्या गृहस्थांनी मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाले, "ताई, फॉर्म भरून टाका." मी भरला.

जिन्यात तिने माझा हात धरला. "बरोबर बोलले ना मी? तू स्वयंपाकघरात म्हणत होतीस तसंच?"

हे तुम्ही केलंत, असं ओरडायला मी हे लिहायला बसले होते. रात्रीपासून तेच घोकत होते. तुम्हाला पोचलं असतं, तरी हे पत्र मी टाकलं नसतं. वाचून तुम्ही नुसते हसला असतात, आणि ते मला खपलं नसतं. पण त्या जिन्यातलं मी कुणाला सांगू, आणि दुसऱ्या कुणाला ते कळणार आहे? तिला बजावायचं होतं, की हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. आई कुठे जात नाही, हे सांगायचं होतं. यातलं मी काहीच बोलले नाही, अण्णा. मी खाली वाकून तिचा मुका घेतला आणि म्हणाले, "हुशार गं माझी बाय."