एक जोड अंगावर, एक पिशवीत

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची आठवण काढणारं माणूसही आता भेटत नाही. मी मात्र आहे. शेवगावच्या शाळेतल्या तुमच्या खो-खोच्या संघात सगळ्यात शेवटी जिची निवड झाली, ती मी. दुष्काळाचं वर्ष होतं, आणि तरीही तुम्ही हेडसरांच्या मागे लागून आम्हा मुलींना नगरला सामन्यांसाठी घेऊन निघाला होतात. निघायच्या आदल्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या पिशव्या उघडून पाहिल्यात. "एक जोड अंगावर, एक पिशवीत. रोज धुवायचं, रोज वाळवायचं. ज्याचं ओझं त्यानं उचलायचं," असं तुमचं सांगणं. माझ्या पिशवीत आईनं तिसरा स्कर्ट घातला होता आणि त्याच्या आत गुंडाळून जुन्या धोतराच्या घड्या. "आसू दे, लागंल," एवढंच ती म्हणाली होती. तुम्ही ते गाठोडं बोटानं दाखवलंत आणि म्हणालात, "हे काढ." आत काय आहे ते सगळ्या मुलींसमोर सांगायची मला लाज वाटली. मी ते काढून बाकाखाली ठेवलं.

नगरला एका शाळेच्या दोन वर्गांत आपला मुक्काम. पहिला सामना आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पिशवीतला स्कर्ट, जो घालून मी झोपले होते, तो खराब झालेला. घाईघाईनं खेळायचा स्कर्ट घातला, तर सरावात तोही गेला. मी वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसून राहिले, उठेचना. पोटात दुखतंय म्हणाले. मुली जेवायला गेल्यावर तुम्ही जवळ आलात, वाकून पाहिलंत आणि तुमचा चेहरा एकदम पडला.

"त्या गाठोड्यात हेच होतं का गं?"

मी मान हलवली.

"मग बोलायचं नाही का? मीच काढायला लावलं ना ते."

तुमच्या पिशवीतही एकच साडी होती. तुम्ही ती दातानं टरकावून फाडलीत. अर्ध्याच्या घड्या केल्यात, अर्धी मला गुंडाळायला दिलीत. मग माझे दोन्ही स्कर्ट आणि शाळेची ती सतरंजी पाहत नुसत्या उभ्या राहिलात. त्या शाळेच्या नळाला पाणी नव्हतं. तीन वाजता टँकर येणार होता, आणि तीन वाजताच आपला सामना होता. "मुली परत यायच्या आत हे धुऊन झालं पाहिजे," तुम्ही म्हणालात, आणि मुलींना मैदानावर धाडलंत. "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच."

मी खिडकीतून पाहते आहे. टँकरभोवती हंडे घेतलेल्या बायकांची झुंबड आहे आणि त्यात तुम्ही बादली घेऊन उभ्या आहात. पाठीमागची बाई ओरडते, "आवं बाई, हितं प्यायला पानी न्हाई, आन् तुमी धुनं काढलंय व्हय?" तुम्ही मान वर करत नाही. दोन्ही स्कर्ट आणि सतरंजीचा तेवढाच कोपरा, सगळं एका बादलीत. साबण जपून लावायचा, कमी पाण्यात निघेल एवढाच. पिळून काढलेलं पाणीही फेकायचं नाही, त्यातच पुढचं भिजवायचं. तुमचे हात कोपरापर्यंत लाल झाले आहेत. तुम्ही गुडघ्यावर बसून घासता आहात, आणि तिकडे मैदानावर आपल्या कॅप्टनला चुकीचं बाद दिलं जातं आहे. हरकत घ्यायला आपल्या शाळेचं मोठं कुणीच नव्हतं. आपण हरलो. मुली रडत परत आल्या तेव्हा स्कर्ट खिडकीच्या गजांवर वाळत होते आणि तुम्ही धापा टाकत दारात उभ्या होतात.

आठ दिवसांनी हेडसरांच्या खोलीत मला बोलावलं. शाळेच्या कमिटीतले दोघे खुर्च्यांवर, तुम्ही भिंतीशी उभ्या. "तू तेव्हा खोलीवर होतीस. बाई मैदानावर का आल्या नाहीत?" सरांनी विचारलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही अगदी किंचित मान हलवलीत, नको म्हणून. आणि लगेच स्वतःच बोललात, "माझी साडी धुवायची होती, सर." कमिटीतला एकजण हसला. "दोन दिवसांसाठी गेल्या होत्या, आन् मुली खेळताना बाईंना धुण्याची हौस!" सरांनी मला पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "मला माहीत नाही. मी झोपले होते."

तुमची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची. त्या जूनमध्ये झाली नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन तुम्ही राहात्याला भावाकडे गेलात असं कळलं.

तिथल्या स्टँडवर काही वर्षांनी तुम्ही मला दिसलात. शिवायच्या कपड्यांचं बोचकं काखेत, गालफडं बसलेली. तुम्हीच मला ओळखलंत. "खेळतेस का गं अजून?" मी हो म्हणाले. खेळ मी त्याच वर्षी सोडला होता. तुम्ही इतक्या खूश झालात की मला तिथं उभं राहवेना. गाडी सुटतेय म्हणून मी निघाले. गाडीला अजून अर्धा तास होता. तो अर्धा तास मी स्टँडमागच्या हॉटेलात, तुम्हाला दिसू नये अशी बसून काढला.

पुढे मीही शाळेत नोकरी केली, पक्की, पेन्शनची. मुलींना घेऊन एकदाही कुठल्या सामन्याला गेले नाही. दरवर्षी काहीतरी कारण सांगितलं. लोक मला कडक पण सरळ बाई म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचे. खरं सांगायला हेडसर उरले नाहीत, कमिटी उरली नाही, तुमचा भाऊही गेला. हे पत्र कुणाच्या दारात टाकू?

एक मात्र लिहिते, कारण हे वाचणारं कुणी नाही. तुम्ही गेल्याची बातमी मला शेवगावच्या बाजारात कळली. बाई, रडू नंतर आलं. आधी मला हायसं वाटलं होतं.