सहाव्या माणसाची जागा

सेंट पॉल, ९ जानेवारी

ती. आईस,
मारितचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र. नाताळात दिलेल्या लेफ्से संपल्या. रोहेलियोने शेवटच्या चार लेफ्सेंत राजमा आणि हिरव्या मिरच्या भरून खाल्ल्या. बटाट्याच्या इतक्या मऊ पोळ्यांवर नुसतं लोणी-साखर लावून खाणं हा अन्याय आहे, असं त्याचं म्हणणं. बाबा असते तर टेबलावरून उठून गेले असते.

माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टर एप्रिलचा दुसरा आठवडा सांगतात. सोलवेगला बहीण हवी आहे, तोमासला काहीच नको आहे. दोन वर्षांच्या माणसाला आपलं राज्य जाणार हे कसं कळतं कोण जाणे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या गाडीत तिसरी कार सीट मावत नाही. शनिवारी रोहेलियोने मागच्या सीटवर तीन कार सीट ठोकून बसवल्या, तर दार लागेना. दार लावलं तर मधल्या सीटचं बक्कल सापडेना. तेव्हा नवी गाडी घ्यायचीच आहे. पण पाच जणांची की सहा जणांची, हे तुझ्यावर आहे. डोळ्यांमुळे तू सप्टेंबरात गाडी चालवणं सोडलंस, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. अंगणाकडची खोली रोहेलियोने रंगवून ठेवली आहे. तू कायमची आमच्याकडे येणार असशील तर गाडीत सहाव्या माणसाची जागा हवी. सरळच विचारते, येतेस का?

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
मारित


रोझो, १६ जानेवारी

चि. सौ. मारितस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे उणे तीस आहे, पण वारा नाही, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही नाही. शेजारचा ऑर्विल येऊन दारातला बर्फ काढून जातो. चर्चला न्यायचं का असंही विचारतो. मी नको म्हणते, मग तो पुन्हा विचारतो, असं आमचं छान चाललं आहे.

माझ्यासाठी बसएवढी गाडी घेऊ नका गं. मी इथे बरी आहे. तुमचा संसार तीन मुलांचा, त्यात आणखी एक म्हातारी कुठे कोंबणार? लहान गाडी घ्या, ती बर्फात सोपी पडते. चर्चच्या व्हॅनमध्ये चढताना माझा गुडघा जरा कुरकुरतो खरा, पण दार सरकतं असलं आणि पायरी बुटकी असली तर काही अडत नाही. हे आपलं सहज सांगितलं.

त्या खोलीला रंग कोणता दिला? खिडकी पूर्वेकडे आहे ना?

जावईबापूंना सांग, लेफ्सेत मिरच्या घालणाऱ्याला पुढच्या वर्षी अर्धाच डबा मिळेल.

तुझी आई,
आर्डिस


सेंट पॉल, २५ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रंग फिकट पिवळा आहे आणि खिडकी पूर्वेकडे. पुढे ऐक.

रोहेलियो तिन्ही कार सीट मुलांच्या घसरगाडीवर बांधून, दोरीने ओढत, गाड्यांच्या दुकानांतून फिरतो आहे. गाडी बघायची म्हणजे त्यात तिन्ही बसवून बघायच्या, दार लावून बघायचं आणि मग स्वतः पुढे बसून बघायचं. बाळाची सीट उलट्या तोंडाची, ती पुढच्या सीटला रेटते आणि माझ्या नवऱ्याचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागतात. एका दुकानातल्या माणसाला वाटलं, हा घर सोडून निघाला आहे.

सात जणांच्या उंच गाड्या दिसायला झोकदार आहेत, पण त्यात गोम आहे. मधल्या रांगेत कार सीट बांधल्या की ती रांग पुढे वाकत नाही. मग शेवटच्या रांगेत जाणाऱ्याने डिकीतून चढायचं. डिकीतून चढणारी तू माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीस. राहता राहिली सरकत्या दारांची व्हॅन. आई, मी कॉलेजात शपथ घेतली होती की मरेन, पण व्हॅन चालवणार नाही. रोहेलियोला मात्र ती फार आवडते. आत इतकी जागा की फेऱ्या मारता येतात म्हणे.

तरी पुन्हा विचारते. येणार असलीस तर मी शपथ मोडीन. काय ते कळव.

तुझी,
मारित


रोझो, ३१ जानेवारी

चि. सौ. मारितस,
अनेक आशीर्वाद.

छे गं, माझ्यापायी शपथा कशाला मोडतेस? या वयात घर बदलून मी काय करणार? तुमची मुलं लहान, घरात आधीच गर्दी. मी आपली दोन-चार वर्षांची पाहुणी. लहान गाडी घ्या आणि मोकळे व्हा.

इथे विशेष काही नाही. चर्चच्या जेवणाला भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश न्यायचं होतं, ते नेलं. चिनी मातीची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरली, नुसती धूळ खात होती. शिवणयंत्रही भरून ठेवलं. नुसती आवराआवर, बाकी काही नाही.

पिवळा रंग मला आवडतो.

लोभ असू दे.
आई


सेंट पॉल, १४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गाडी ठरली. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सोलवेगच्या दातासाठी दवाखान्यात होते. रोहेलियोने ते वाचलं आणि म्हणाला, आईंचं मत अगदी स्पष्ट आहे, दोनदा नाही म्हणाल्या, आता त्यांना छळू नये. परवा जाऊन त्याने पाच जणांची गाडी ठरवून टाकली. अरुंद कार सीट घेतल्या तर तीन एका रांगेत मावतात, फक्त बक्कल लावताना बोटांची सालटी निघतात. निळी आहे. २५ तारखेला ताब्यात मिळेल.

मी त्याला काहीतरी सांगणार होते, पण तो इतका खुशीत होता की राहून गेलं. तू उन्हाळ्यात आलीस तर मी मुलांना घेऊन घरी थांबेन, तो तुला एकटीला फिरवून आणेल.

रागावली नाहीस ना?

तुझी,
मारित


रोझो, १९ फेब्रुवारी

चि. सौ. मारितस,
अनेक आशीर्वाद.

गाडी ठरली, छान झालं. निळा रंग मळखाऊ असतो.

इथल्या वृद्धनिवासात मी परवा नाव घातलं. स्वच्छ आहे. गुरुवारी त्यांची बस बाजारात नेते. खोली रिकामी झाली की कळवणार आहेत.

मुलांना पापे.
आई


सेंट पॉल, २६ फेब्रुवारी

ती. सासूबाईंना,
रोहेलियोचा सा. न.

सात वर्षांत मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. चुका पोटात घाला, त्यातली एक तर फार मोठी आहे.

शनिवारी शेजारच्या बेर्निसबाई लुंडीन आल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, तुमच्यासारख्याच इकडच्या. मी कॉफी घेणार का विचारलं. त्या नको म्हणाल्या. मी नेहमीसारखं भांडं उचलून ठेवलं. तशा त्या पेटल्याच. म्हणाल्या, सहा वर्षं तुझ्या घरी येते आहे, सहा वर्षांत कॉफीचा थेंब मिळाला नाही. मी म्हटलं, तुम्हीच नको म्हणता. तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं, की पहिलं नको हे चांगल्या घरची रीत म्हणून असतं, दुसरं समोरच्याला खरंच हौस आहे की नाही ते बघायला असतं, आणि माणूस खरं काय ते तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतं.

आम्ही तिकडे दक्षिणेत, लरेडोला, आठ भावंडं. जेवताना जो नको म्हणाला त्याची पोळी दुसऱ्याच्या ताटात गेली, आणि परत आली नाही. नाहीला नाहीच समजायचं, हे मी तिथे शिकलो. बेर्निसबाईंना तीन कप कॉफी पाजली आणि ड्रॉवरमधून तुमची पत्रं काढली. सासूबाई, तुम्हाला दोनदाच विचारलं होतं. मग सरकतं दार दिसलं, बुटकी पायरी दिसली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी दिसली. एवढं सगळं समोर असताना मी तुमचं नाही तेवढं वाचलं.

मारितला विचारलं तर ती रडायला लागली. तिला दोन्ही वेळा कळलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं की तुम्ही हो म्हणाल आणि व्हॅन घ्यावी लागेल, म्हणून ती गप्प बसली. मग तुमचं ते वृद्धनिवासाचं पत्र आलं, त्या दिवसापासून ती धड जेवलेली नाही.

निळी गाडी रद्द केली. बेर्निसबाईंना बरोबर घेऊन पुन्हा दुकानं फिरलो, कारण तुमच्या उंचीचं आणि तुमच्यासारख्याच गुडघ्यांचं दुसरं कोणी माझ्याजवळ नव्हतं. एका उंच गाडीत त्या शेवटच्या रांगेत अडकल्या. दुकानातल्या पोराने मदत करू का विचारलं, त्या नको म्हणाल्या, तो बिचारा बाजूला झाला. मी तीनदा विचारून मग हात दिला. शेवटी व्हॅन सापडली. मागच्या रांगेत सोलवेग आणि तोमास. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट, एकीवर बाळ आणि दुसरीवर, दाराशी, खिडकीजवळ, अजून कोणी नाही. गाडी दुकानातच उभी आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत मी सही करणार नाही.

म्हणून तिसऱ्यांदा विचारतो. तुम्ही आमच्याकडे राहायला याल का? बाळाला सांभाळायला नाही आणि तुमचे डोळे बिघडले म्हणूनही नाही. आम्हाला तुम्ही घरात हव्या आहात म्हणून.

तुमचा,
रोहेलियो

ता. क. आई, त्याने लिहिलंय ते सगळं खरं आहे. माझं चुकलं. ये ना गं. – मारित


रोझो, ३ मार्च

चि. रोहेलियोस,
अनेक आशीर्वाद.

आजपर्यंत तुला अहो-जाहो केलं, आता अरे म्हणते. माझ्या पत्रातली भांडी ज्याला दिसली तो परका नाही.

हो.

हा शब्द लिहायला मला सकाळपासून दुपार लागली, म्हणून त्याला वेगळी ओळ दिली आहे. मला यायचं आहे. पहिलं पत्र आलं तेव्हाच यायचं होतं. मारितच्या बाबांनी, लॉइडने, मला लग्नाचं विचारलं तेव्हाही मी नाही म्हणाले होते. तो मुकाट्याने गाईंचं दूध काढायला निघून गेला आणि आठ महिने फिरकला नाही. आठ महिने मी रोज संध्याकाळी केस विंचरून बसत होते. तरी शहाणपण आलं नाही. आम्हाला लहानपणापासून एवढंच शिकवलं, की कुणाला आपली अडचण होऊ नये. हवं ते मागायचं कसं, हे कोणी शिकवलंच नाही.

त्या दिवशी वृद्धनिवासाच्या कागदावर सही करून आले आणि स्वयंपाकघरात कोट न काढता तासभर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं होतं. हे तुला सांगते आहे कारण तू विचारलंस. आज फोन करून नाव काढून घेतलं.

मारितला म्हणावं, मी रागावलेली नाही. मागच्या उन्हाळ्यापर्यंत मीच गाडी चालवत होते, तेव्हा आपल्या हातातली गाडी आपल्याला शोभावी असं वाटणं मला ठाऊक आहे. तिने नीट जेवावं आणि एप्रिलची तयारी करावी. बेर्निसबाईंना कॉफी देत जा, आणि पुन्हा त्यांना कुठल्या गाडीत कोंबू नकोस. एप्रिलच्या आधी मला न्यायला ये. सामान बांधलेलंच आहे, तुम्हाला कळलंच होतं.

इथपर्यंत लिहून झालं आणि दारात ऑर्विल आला. पोस्टात जायचं असेल तर सोडू का म्हणाला. मी म्हटलं, हो, सोड. त्याला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. बिचाऱ्याने आणखी दोनदा विचारलं. आता तो बाहेर गाडी गरम करतो आहे, म्हणून इथेच थांबते.

सगळ्यांवर माझा जीव आहे, तुमचाही माझ्यावर असू द्या.

तुझी सासू, आता आईच म्हण,
आर्डिस